आजीच्या ताटातला बांगडा

गेल्या काही महिन्यांत दवाखान्यात एक प्रश्न वारंवार विचारला जातो. घरातली म्हातारी आई किंवा वडील नावे विसरतात, एकच गोष्ट दहा वेळा विचारतात, गॅसवर दूध ठेवून अंगणात जाऊन बसतात. मुलगा किंवा सून ही तक्रार सांगते आणि शेवटी हळूच विचारते, "डॉक्टर, तेलकट मासे खाल्ले की मेंदू चांगला राहतो म्हणतात. आईंना बांगडा चालू करू का? की माशाच्या तेलाच्या गोळ्याच आणू?" मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांमुळे ही माहिती वेल्ह्याच्या अगदी शेवटच्या वाडीपर्यंत पोहोचली आहे. अशा संदेशात थोडे शास्त्र असते आणि बराचसा भाग गोळ्या विकणाऱ्याचा असतो. त्यातले घ्यावे काय आणि सोडावे काय, ते आज पाहू.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वयानुसार थोडा विसर पडणे वेगळे आणि स्मृतिभ्रंश हा आजार वेगळा. चष्मा कोठे ठेवला ते आठवत नाही, लग्नात भेटलेल्या पाहुण्याचे नाव पटकन ओठावर येत नाही पण घरी गेल्यावर आठवते, हे साठीनंतर बहुतेकांना होते. त्याची काळजी करू नये. मात्र रोजच्या पायवाटेवर चुकणे, जिने चाळीस वर्षे घराचा भात शिजवला तिला पाणी किती घालावे ते न कळणे, सुट्या पैशांचा हिशेब अजिबात न जमणे, शांत माणूस एकाएकी संशयी होणे, दिवेलागणीला स्वतःच्याच घरात बसून "मला माझ्या घरी न्या" असा हट्ट धरणे, ही लक्षणे वेगळी आहेत. आपल्याकडे याला म्हातारचळ म्हणतात आणि सोडून देतात.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांमागे सात ते आठ जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळले. गावाकडची हवा चांगली, खाणे साधे, म्हणून हा आजार आपल्याकडे नसतो, हा समज त्यामुळे सोडून द्यावा. उलट आपल्याकडे तो उशिरा लक्षात येतो. मुले-सुना पुण्या-मुंबईला, गावात म्हातारा-म्हातारी दोघेच. एकाचे विसरणे दुसरा सांभाळून घेतो, आणि गणपतीला सगळे घरी आल्यावर कळते की आबांना नातवंडांची नावेच सांगता येत नाहीत.

आता माशाकडे वळू. मेंदूतले पाणी बाजूला काढले, तर उरलेल्या भागात निम्म्याहून अधिक स्निग्ध पदार्थ असतात. हा मेद पोटावरच्या चरबीसारखा नुसता साठा नव्हे. मेंदूच्या पेशींची आवरणे त्याची बनलेली असतात आणि एका पेशीचा निरोप दुसरीला पोहोचण्याचे काम या आवरणांवर अवलंबून असते. या मेदातला एक महत्त्वाचा घटक म्हणजे डीएचए नावाचे मेदाम्ल. ओमेगा-३ या गटातले हे मेदाम्ल मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात भरपूर असते. गंमत अशी की आपले शरीर ते स्वतः फारच थोडे तयार करते. ते मुळात तयार करतात समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती. त्या खाऊन वाढणारे जीव मासे खातात आणि ते मेदाम्ल माशाच्या अंगात साठते. ज्या माशाच्या मांसातच तेल असते त्याच्यात ते जास्त. बांगडा, तारली, पेडवे आणि पाला हे आपल्या किनाऱ्यावरचे असे मासे. पापलेट आणि सुरमई यांचा मान मोठा आणि भावही मोठा, पण या एका गुणात स्वस्तातली तारली त्यांना हार जात नाही. पाहुण्यांपुढे तारली ठेवायला आपल्याला संकोच वाटतो, हा दोष तारलीचा नव्हे.

मग मासे खाणाऱ्यांना स्मृतिभ्रंश कमी होतो का? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरात पंचावन्नच्या पुढच्या पाच हजारांहून अधिक लोकांच्या आहाराची नोंद ठेवून अभ्यास झाला. १९९७ साली त्याचे पहिले निष्कर्ष आले तेव्हा मासे खाणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी दिसला. २००३ साली अमेरिकेत शिकागो येथील अभ्यासात आठवड्यातून एकदा तरी मासे खाणाऱ्या वृद्धांत अल्झायमरचा धोका बराच कमी आढळला. वर्तमानपत्रांनी या बातम्या ठळक छापल्या. पुढे त्याच रॉटरडॅमच्या मंडळींनी साडेनऊ-दहा वर्षे लोकांवर लक्ष ठेवून २००९ साली पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा मासे खाणारे आणि न खाणारे यांच्यात फरक उरला नव्हता. ही दुसरी बातमी तुमच्या मोबाइलवर आलेली नसणार.

त्याच वर्षी आणखी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात आपला देशही होता. चीन, भारत, क्यूबा, मेक्सिको, पेरू अशा सात देशांतल्या पासष्टीच्या पुढच्या जवळजवळ पंधरा हजार लोकांची पाहणी त्यात होती. भारतातून चेन्नई शहर आणि वेल्लोरजवळचा ग्रामीण भाग घेतला होता. इतर देशांत जितके जास्त वेळा मासे, तितका स्मृतिभ्रंश कमी, असे चित्र दिसले. भारतात मात्र ते दिसले नाही. असे का, याचा मी बराच विचार केला आहे. माझे मत असे की "मासे खाता का?" या प्रश्नाला आपल्याकडे "हो" म्हणणाऱ्या माणसाच्या वाट्याला प्रत्यक्षात किती मासा येतो, हे पाहिले पाहिजे. महिन्यातून दोनदा, पाच माणसांत अर्धा किलो, तोही भरपूर तेलात तळलेला. युरोपातल्या माणसाचे मासे खाणे आणि आपले मासे खाणे एकाच शब्दाने मोजले तर घोटाळा होणारच. शिवाय जो माणूस नियमित मासे घेऊ शकतो तो बहुधा थोडा शिकलेला, थोडा खातापिता, रक्तदाबाची गोळी वेळेवर घेणारा असतो. गुण माशाचा की या बाकीच्या गोष्टींचा, हे वेगळे काढणे अवघड असते.

गोळ्यांचे मात्र उत्तर बरेच स्पष्ट आहे. इंग्लंडमध्ये सत्तर ते एकोणऐंशी वयाच्या ८६७ निरोगी लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षे माशाच्या तेलाच्या आणि निम्म्यांना साध्या तेलाच्या गोळ्या दिल्या. २०१० साली निकाल आला. दोन्ही गटांच्या स्मरणशक्तीत फरक नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेत अल्झायमर झालेल्या सुमारे चारशे रुग्णांना दीड वर्ष रोज डीएचए देऊन पाहिले, आजाराची चाल मंदावली नाही. फ्रान्समध्ये तीन वर्षे चाललेल्या प्रयोगाचा निकाल २०१७ साली आला, तोही निराशेचाच. म्हणून माझे रुग्णांना सांगणे असे असते की महिन्याला हजार-बाराशे रुपये डबीवर घालवू नका. त्या पैशात घरात भरपूर तारली येईल आणि सगळे घर जेवेल. ज्यांना हृदयविकारामुळे रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू आहेत किंवा ज्यांच्या नाडीचे ठोके अनियमित पडतात, त्यांनी तर मोठ्या मात्रेच्या या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. जास्त मात्रेने ठोक्यांची अनियमितता वाढू शकते असे दिसून आले आहे.

मग मासा खाऊन उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग आहे. तेलकट मासा रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाची चरबी कमी करतो, उत्तम प्रथिने देतो, ब-१२ हे जीवनसत्त्व देतो, थोडे ड जीवनसत्त्वही देतो. जे हृदयाच्या रक्तवाहिन्यांना मानवते ते मेंदूच्या रक्तवाहिन्यांनाही मानवते, आणि आपल्याकडे म्हातारपणच्या स्मृतिभ्रंशात बारीक बारीक पक्षाघातांचा वाटा मोठा असतो. पण मासा म्हणजे स्मृतिभ्रंशावरचे औषध नव्हे. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान, दारू, ऐकू न येणे, नजर कमी होणे, एकटेपणा ही कारणे आहेत. मासे न खाणे हे त्या यादीत नाही. आईला बांगडा देणारा मुलगा तिच्या कानाचे यंत्र आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तीन-तीन वर्षे पुढे ढकलतो, तेव्हा मला बांगड्याचीच कीव येते.

आपल्या भागात माशाची एक वेगळीच अडचण आहे. भोर आणि वेल्हे हा घाटमाथ्याचा भाग. समुद्र तसा लांब नाही, वरंध घाट उतरला की महाड. पण पूर्वी ताजी मासळी घाट चढून वर येईपर्यंत खराब व्हायची. म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी खाल्ली ती सुकी मासळी. सुकट, बोंबील, वाकट्या, सोडे. पावसाळ्याची बेगमी म्हणून मडक्यात भरून ठेवलेले बोंबील आणि चुलीत भाजलेली सुकट यांवर या डोंगरातल्या पिढ्या वाढल्या. यातली मेख अशी की जो मासा चांगला वाळतो तो बहुधा कमी तेलाचा असतो. तेलकट मासा उन्हात टाकला की खवट होतो. म्हणून बोंबील वाळतात, आणि बांगडा टिकवायचा तर त्याला मिठात मुरवावे लागते. सुकट-बोंबलातून प्रथिने आणि ब-१२ मिळते, चुना मिळतो, पण ज्या तेलाची एवढी चर्चा चालली आहे ते त्यात फारसे नसते. बर्फाच्या पेटीतला बांगडा आणि तारली आपल्या बाजारात सहज मिळू लागली ती रस्ते, टेम्पो आणि बर्फ झाल्यावर. म्हणजे आजच्या आजीला तरुणपणी जे मिळाले नाही ते आता मिळू शकते.

धरणांचे मासे आपल्याकडे भरपूर. भाटघरचे धरण १९२७ सालचे, नंतर पानशेत, नीरा-देवघर, गुंजवणी अशी धरणे झाली. रोहू, कटला, मृगळ, चिलापी, मरळ, वाम हे मासे भोरच्या बाजारात ताजे मिळतात. गोड्या पाण्यातल्या या माशांत ओमेगा-३ बांगड्याइतके नसते, पण प्रथिने उत्तम असतात आणि ब-१२ ही असते. ज्यांना समुद्राची मासळी मिळत नाही किंवा वास सोसत नाही त्यांनी हे मासे खुशाल खावेत. पहिल्या पावसात ओढ्याला आणि भातखाचरात चढणीचे मासे येतात, त्यांची चव काही औरच, हे मीही मान्य करतो. पण ते मासे अंडी घालायला चढत असतात. सगळेच पाटीत भरले तर पुढच्या वर्षी ओढ्यात काय येणार, हा विचार ज्याचा त्याने करावा.

बांगडा आणि तारली घेताना ताजेपणा पाहणे याला पर्याय नाही, आणि हा मुद्दा जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे. या माशांना बर्फाबाहेर काही तास ठेवले की त्यांच्या मांसात जंतूंमुळे हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. मासा दिसायला फारसा वाईट दिसत नाही, वासही कधीकधी येत नाही. पण जेवल्यावर अर्ध्या-एक तासात तोंडात चुरचुरते, चेहरा लालबुंद होतो, अंगावर गांधी उठतात, डोके ठणकते, छातीत धडधडते, कधी उलटी-जुलाब होतात. लोक म्हणतात, "बांगडा बाधला" किंवा "बांगडा उष्ण पडला". रुग्णाला वाटते आपल्याला माशाची ॲलर्जी आहे आणि तो जन्मभर मासे सोडतो. खरे कारण त्या दिवशीच्या शिळ्या माशात असते. हे द्रव्य एकदा तयार झाले की कितीही उकळले किंवा तळले तरी जात नाही. म्हणून पुण्याच्या गणेश पेठेतून सकाळी निघालेली पेटी संध्याकाळी आपल्या गावात पोहोचते तेव्हा तिच्यात बर्फ शिल्लक आहे की नुसते पाणी, ते पाहावे. डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, अंग बोटाने दाबल्यावर पुन्हा वर येणारे, पोट न फुटलेले असावे. तारलीचे पोट लवकर फुटते, तेथे फसगत होते. दुचाकीवर पिशवी लटकवून उन्हातून वीस-पंचवीस किलोमीटर मासे नेणाऱ्यांनी एक डबा आणि थोडा बर्फ बरोबर ठेवावा. आणि अशा जेवणानंतर धाप लागली, घसा आवळल्यासारखा झाला, चक्कर आली, तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे.

शिजवण्याबद्दल थोडेच सांगतो, कारण ते तुमच्या घरातल्या बायकांना माझ्यापेक्षा चांगले कळते. चिंच किंवा आमसूल घालून केलेले कालवण सर्वांत बरे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात तेलकट मासा आठवड्यातून दोनदा खाणाऱ्यांत फायदा दिसला, पण तळलेला मासा खाणाऱ्यांत तो दिसला नाही. रवा लावून कढईत पोहणारा तुकडा सणासुदीला ठीक आहे. एरवी तव्यावर चमचाभर तेलात परतावा. आठवड्यातून दोन वेळा, दर वेळी शिजलेला साधारण शंभर ग्रॅम मासा, म्हणजे एक मध्यम बांगडा किंवा तीन-चार तारल्या, एवढे म्हाताऱ्या माणसाला पुरे. रोज खायला पाहिजे असे नाही. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते तेव्हा चुकले तर चुकले. मुशी, मोठी सुरमई अशा मोठ्या माशांत पारा साठण्याची भीती असते, ती लहान माशांत फार कमी. गरिबाचा मासा इथेही वरचढ ठरतो.

आता मुख्य गोष्ट. घरात मासे येतात, पण ते म्हाताऱ्या बाईच्या ताटात जातात का? अर्धा किलो बांगडा आला की मधले तुकडे कर्त्या पुरुषाला आणि मुलांना, एखादा पाहुण्याला. आजीच्या भाकरीवर येतो तो रस्सा आणि फार तर डोके. तिला विचारले तर म्हणते, "मला काय करायचंय आता, पोरांना वाढा." कधी म्हणते, "मला काटे निघत नाहीत." हे खरेही असते, दात नसतात, नजर अधू असते. काही घरांत नवरा गेल्यावर बाईने मासे-मटण सोडायचे अशी रीत अजून पाळली जाते. तिने स्वतः मनाने माळ घातली असेल, वारी करत असेल, तर तिच्या व्रताचा मान राखला पाहिजे आणि डॉक्टरनेही त्यात पडू नये. पण सत्तर वर्षांची म्हातारी केवळ लोक काय म्हणतील म्हणून चहा-भाकरी आणि चटणीवर दिवस काढत असेल, तर घरातल्या माणसांनी तिला आपण होऊन वाढले पाहिजे. म्हातारपणी भूक कमी होते पण प्रथिनांची गरज कमी होत नाही. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज निदान एक ग्रॅम प्रथिने हवीत. ती मिळाली नाहीत की मांड्या बारीक होतात, उठताना तोल जातो, खुबा मोडतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे डोके मग फार झपाट्याने बिघडते.

ब-१२ चा उल्लेख वर तीनदा आला. तो आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील खेडी, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन ठिकाणच्या ४४१ पुरुषांच्या रक्ताची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत शंभरातल्या सदुसष्ट जणांत ब-१२ कमी निघाले. शाकाहारी लोकांत धोका कितीतरी जास्त होता. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास केला त्यातही दोन-तृतीयांश स्त्रियांत ही कमतरता दिसली. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात आणि धान्यात नसते. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच ते मिळते. ते कमी पडले की हातापायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, तोल जातो, चिडचिड होते आणि विसरायला होते. वरून पाहणाऱ्याला हा स्मृतिभ्रंशच वाटतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत आणि पित्तासाठी रोज उठून गोळी घेणाऱ्यांत ते आणखी कमी होते.

वेल्ह्याकडच्या एका वाडीतल्या आजींना मुलाने दवाखान्यात आणले तेव्हा त्या मला नीट ओळखत नव्हत्या. चार महिन्यांपासून घरात कोणाशी धड बोलत नव्हत्या, भिंतीला धरून चालत होत्या. बाहेरचे बघूनही झाले होते. खाणे विचारले तर दिवसभर कोरा चहा, भाकरी आणि मिरचीचा ठेचा. दूध नातवंडांना, उरले तर डेअरीला. रक्त तपासले तर ब-१२ जवळजवळ नव्हतेच. इंजेक्शनचा कोर्स दिला, घरात दही आणि अंडे चालू करायला सांगितले. तीन महिन्यांनी त्या स्वतः एस.टी.तून उतरून चालत आल्या आणि मागच्या वेळी मी किती पैसे घेतले ते मलाच सांगितले. प्रत्येक म्हाताऱ्याचे असे होईल असे मी म्हणणार नाही. खऱ्या अल्झायमरमध्ये असे होत नाही, आणि ब-१२ ची कमतरता फार दिवस राहिली तर ती भरून काढूनही सगळे परत येत नाही. म्हणूनच विसर पडू लागला की बांगडा आणण्याआधी ब-१२, थायरॉइड, साखर आणि हिमोग्लोबिन यांची तपासणी करून घ्यावी, रक्तदाब मोजावा. मन उदास असले तरी माणूस विसरतो, तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पट्टी बरोबर आणावी.

माशातले तेल आणि ब-गटातील जीवनसत्त्वे यांची जोडी असावी असेही एक निरीक्षण आहे. ऑक्सफर्डमध्ये थोडा विसर पडणाऱ्या वृद्धांना ब-जीवनसत्त्वे देऊन पाहिली, तेव्हा मेंदू आकसण्याचा वेग कमी झाला. पण नंतर बारकाईने पाहिले तर हा फायदा मुख्यतः ज्यांच्या रक्तात ओमेगा-३ पुरेसे होते त्यांनाच झाला होता. अभ्यास लहान आहे, त्यावर घर बांधू नये. मात्र माशात या दोन्ही गोष्टी एकत्र असतात, एवढे खरे.

माळकरी आणि शाकाहारी वाचक म्हणतील, आमचे काय? जवसाची चटणी आपल्याकडे पूर्वापार आहे. जवसात ओमेगा-३ गटातलेच एक मेदाम्ल भरपूर असते. शरीर त्याचे डीएचएमध्ये रूपांतर फार थोड्या प्रमाणात करते, म्हणून जवस म्हणजे बांगडा नव्हे, पण रोज दोन चमचे भाजलेली चटणी खाण्यात तोटा काहीच नाही. अख्खे जवस न चावता तसेच बाहेर पडतात, तेव्हा कुटूनच घ्यावे. अक्रोड महाग, ते नसले तरी चालते. ब-१२ मात्र जवसातून मिळत नाही. त्यासाठी दूध-दही पुरेसे घ्यावे, आणि रक्तात कमी निघाले तर गोळी किंवा इंजेक्शन घेण्याला पर्याय नाही. सरकारी रुग्णालयात याची चौकशी करावी.

ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी खारे बांगडे आणि मिठातली सुकी मासळी यांपासून लांब राहावे. "मासे खा म्हणाला होतात" असे म्हणून एका आठवड्यात खाऱ्या मासळीची पिशवी संपवून, दोनशेच्या वर रक्तदाब घेऊन आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. बिनमिठाचे बोंबील आणि सुकट धुऊन, कोमट पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून मग शिजवावे, आणि कालवणात मीठ बेताने घालावे. ज्यांचा अंगठा गाउटने सुजतो, युरिक ॲसिड वाढलेले आहे, त्यांनी तारली आणि बांगडा जपून खावा. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे.

शेवटी काट्यांविषयी. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला मासे वाढताना काटा काढूनच वाढले पाहिजे. त्याला घास चावायचे भान राहत नाही, काटा लागला तर सांगता येत नाही, ठसका लागून घास श्वासनलिकेत जातो. बांगड्याचे काटे मोठे आणि काढायला सोपे असतात. शिजल्यावर मधला काटा अलगद उचलावा, दोन्ही बाजूंचे मांस बोटांनी चुरून पाहावे आणि मऊ भातात कालवून द्यावे. तारली चिंचेच्या पाण्यात मंद आचेवर बराच वेळ शिजवली तर तिचे बारीक काटे मऊ पडतात, पण अशा रुग्णाला तीही चुरूनच द्यावी. माणसाला ताठ बसवावे, पडल्या पडल्या भरवू नये, एक घास पूर्ण गिळल्याशिवाय दुसरा देऊ नये आणि जेवण झाल्यावर अर्धा तास बसवूनच ठेवावे. जेवताना वारंवार ठसका लागत असेल, आवाज घोगरा होत असेल किंवा पुन्हा पुन्हा ताप येत असेल, तर मासे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. तोवर अंडे मऊ उकडून, कुस्करून देता येते.